तिसरा अर्ज

तिसऱ्यांदा अर्ज भरायला बसताना मामांनी भाचीला बजावलं, या खेपेला एक अक्षरही खोटं लिहायचं नाही.

मामा बसचालक होते. आता घरीच असत. लग्न केलं नव्हतं, हौसेने कुठे गेले नव्हते. आणि एकदम परदेशाचा पर्यटन व्हिसा! बोलावणं तिकडच्या एका बाईंचं होतं. सहा वर्षं दोघांची पत्रं चालली होती. ती इंग्रजी पत्रं मामा गल्लीतल्या शिकवणीवाल्या बाईंकडून वाचून घेत, भाचीला हात लावू देत नसत. भाचीने काय ते ताडलं होतं. मामांनी नवा शर्ट शिवला तेव्हा तिने विचारलंही, मामींना कुठला रंग आवडतो. मामा नुसते बटणं लावत राहिले.

पहिला अर्ज एजंटाने भरला होता. 'शिक्षा झाली आहे का' यापुढे त्याने परस्पर 'नाही' ठोकून दिलं. माहिती लपवली म्हणून अर्ज परत. दुसऱ्यात भाचीने बोलावणाऱ्या बाईंपुढे आपल्या मनाने 'मैत्रीण' लिहिलं. ओळख पटत नाही म्हणून तोही परत.

शिक्षेचा रकाना आला. दीड वर्ष तुरुंग, मामांनी सांगितलं. कारण म्हणून भाची निसरडा रस्ता लिहायला लागली. मामांनी तिचा हात धरला.

"रस्ता कोरडा होता. मला डुलकी लागली. बस उलटली, एक प्रवासी गेला. तसंच लिही."

असं लिहिलं तर जन्मात व्हिसा मिळायचा नाही, ती म्हणाली. मग चौथा अर्ज भरू, पाचवा भरू, मामा म्हणाले. पाय चालताहेत तोवर भरत राहू.

तिने तसंच लिहिलं. शेवटचा रकाना उरला. बोलावणाऱ्या व्यक्तीशी ओळख कशी झाली?

भाची गालात हसली. "आता तरी सांगा मामा. कुठे भेटलात?"

"अजून भेटलो नाही."

"मग काय लिहू?"

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"लिही, बसमध्ये गेला तो यांचा मुलगा."