मधला नंबर

मुळशी धरणावर बोट चालवणाऱ्या कुशाबांसाठी मी पाहुण्यांच्या नोंदीचं ॲप लिहिलं. पाहुण्यानं काठावरच्या स्क्रीनवर आपलं नाव टाकलं की डेटाबेस आपणहून पुढचा नंबर देतो आणि माझा कोड तो लगेच परत मागून स्क्रीनवर दाखवतो.

पहिल्या बोटीत सहा जण होते, एक ते सहा. दुसऱ्या बोटीची नोंद थेट आठपासून सुरू झाली. मग प्रत्येक फेरीआधी असाच एक नंबर गळू लागला. शोधला, तर त्या नंबरवर कुणीच नसायचं.

माणच्या माझ्या खोलीवर बसून शंभर खोटी नावं टाकली. एकही नंबर गळला नाही. आता मात्र मला चैन पडेना.

रविवारी दुपारी मी एकटीच फेरीला गेले. शेवटचा नंबर पंचावन्न होता. मी 'जुईली' टाकलं, सत्तावन्न आला. कुशाबा त्या स्क्रीनकडे कधी ढुंकूनही बघत नाहीत. गळणाऱ्या नंबरांचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

बोटीत बसले. कुशाबांनी दोर सोडला आणि दोन लाइफ जॅकेटं उचलली.

"ह्ये तुमचं, ताई."

"आणि दुसरं? मी एकटीच आहे ना!"

"छप्पनचं," ते म्हणाले. "वाईच सरकून बसा."