दुसरा खांदा

"किती थोपटशील? पाठ सोलून निघेल लेकराची. ठेव आता पाळण्यात," आई म्हणाली.

"ढेकर आला नाही अजून." शलाकाने बाळाची हनुवटी खांद्यावर नीट टेकवली.

पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं. एकविसाव्या दिवशी उलटलेलं दूध श्वासनलिकेत गेलं आणि बाळ दगावलं. पाजल्यावर ढेकर न काढताच ही झोपली, असं सासरचे दोन वर्षं ऐकवत होते. तिला त्या दुपारचं काही आठवत नव्हतं, म्हणून तिनेही ते खरं मानलं. या वेळी तिला माहेरी पाठवलंच नाही. आईच बारशाला कुंची घेऊन आली.

आई कुंचीची नाडी बोटाला गुंडाळत राहिली. "त्या दुपारी तू खांद्यावर घेऊनच बसली होतीस गं त्याला. डोळे मिटत होते तुझे. मीच घेतलं आणि निजवलं. वाटलं, काढला असशील ढेकर. सांगायला जीभ रेटली नाही."

बाळाने इवलासा ढेकर दिला.

"दे आता," म्हणत आईने हात पुढे केले.

शलाकाने बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि ती पुन्हा थोपटू लागली.