मिटल्या ओठांचा उत्सव

"आत्या, चढ आता. बस काही तुझ्यासाठी खोळंबायची नाही," व्हांगेल तिसऱ्यांदा म्हणाला.

वेलिका आत्या बसच्या पायरीवर एक पाय ठेवून स्वस्थ उभी होती. वय एक्याऐंशी, देह वाळलेल्या मिरचीसारखा, जीभही तशीच.

"संत इलियाच्या उत्सवाला गाव सोडून कोण जातं रे? मेलेलं माणूससुद्धा जेवणावळ उरकेपर्यंत दम धरतं."

"थेस्सालोनिकीला तुझी लेक वाट बघतेय. डोळे दाखवायचेत ना?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय? तोंडाचं औषध करायचंय तुला. सरळ सांग की."

 व्हांगेलने गाठोडे आत सारले, आत्याला दंडाला धरून आसनापर्यंत पोहोचवले आणि बस वळणाआड जाईपर्यंत तो तिथेच उभा राहिला. बस दुसऱ्या दिवशी परतणार होती. गेल्या कित्येक वर्षांत तो प्रथमच मोकळा श्वास घेत होता.

ग्रीक सरकारच्या कागदांत त्याचे नाव एव्हांगेलोस होते. गावच्या वेगळ्या बोलीत मात्र तो व्हांगेलच, आणि आठ वर्षांपासून गावाचा अध्यक्ष. या आठ वर्षांत त्याचे केस पांढरे झाले ते शेतीने नव्हे, संसाराने नव्हे, तर उत्सवाच्या परवान्याने. परवान्यातील अट ग्रीक राजभाषेतील एका वाक्याची होती: वाद्ये वाजवावीत, नृत्य करावे, परंतु स्थानिक बोलीतील एकही शब्द गाऊ नये. त्यामुळे गाव तीस वर्षे ओठ मिटून नाचत आले होते. तुतारी आणि क्लॅरिनेट गात, पायांना ताल कळे, आणि मुखे दगडी मूर्तींसारखी बंद असत.

अपवाद एकच. तिसऱ्या नृत्याला तुतारीने स्वर धरला की आत्या भिंतीलगतच्या बाकावरून पहिल्या कडव्यापासून नवव्या कडव्यापर्यंत अख्खे गाणे म्हणून टाकी. बहिणीने डोंगरापलीकडे गेलेल्या भावाला घातलेली ती साद होती. व्हांगेलने तिच्या तोंडात भाजीची पोळी कोंबून पाहिली होती, शेजारी ढोल बसवून पाहिला होता. व्यर्थ. दरवर्षी ठाण्यातून अहवाल जाई. गेल्या वर्षी जिल्ह्याहून निर्वाणीचे पत्र आले: आणखी एकदा असे घडल्यास हा उत्सव कायमचा बंद.

संध्याकाळी चौकात कोकराचे मांस निखाऱ्यांवर चढले. वादकांचा म्होरक्या पांदो तुतारी पुसत जवळ आला.

"अध्यक्ष, म्हातारीला हद्दपार केलंत म्हणे. सरकारला जमलं नाही ते तुम्ही केलंत."

"तू वाजव. तोंड फक्त फुंकायला उघड."

"हिवाळ्यात ती पोरांना गाणं शिकवते म्हणत होती, तेव्हाही तुम्ही तिला तोंड बंद ठेवायला सांगितलंत."

"पोरांनी चौकात म्हटलं असतं तर परवाना तुझ्या बापाने आणला असता का? उत्सव वाचू दे आधी. शब्द काय, पळून जातात?"

तेवढ्यात हवालदार मानूसोस आला. दूरच्या क्रेट बेटावरचा ग्रीक माणूस, मिशी मोठी, बोलणे थोडे. चौदा वर्षे या ठाण्यात होता आणि चौदाही वर्षे आत्याच्या बाकासमोर खुर्ची टाकून, एकही शब्द निसटू नये अशा एकाग्रतेने बसला होता. आजही त्याने खुर्ची तिथेच मांडली. मग रिकाम्या बाकाकडे पाहिले.

"आजीबाई?"

"लेकीकडे गेल्या," व्हांगेल शक्य तितक्या नम्रतेने म्हणाला. "या वर्षी तुम्हाला लिहायला काही मिळणार नाही, हवालदारसाहेब."

"कधी येतील?"

"उद्या. उत्सव संपल्यावर."

 हवालदाराने खिशातून लिफाफा काढला. "दुपारी आलंय. तुमच्या नावाचं."

व्हांगेलने पत्र उभ्यानेच वाचले. मग पुन्हा वाचले. नव्या आदेशानुसार गीतांच्या भाषेसंबंधीची अट या वर्षापासून रद्द करण्यात येत होती.

"दुपारी!" तो म्हणाला. "तीस वर्षं थांबलात, सकाळपर्यंत घाई करता आली नाही?"

"डाक माझ्या हातात नाही, अध्यक्ष."

संतापावे कोणावर, हेच त्याला उमगेना. सरकारवर, डाकेवर, की पहाटे बसमध्ये गाठोडे सारणाऱ्या स्वतःच्या हातांवर? अखेर तो चौकाच्या मधोमध गेला आणि त्याने ते पत्र मोठ्याने वाचून दाखवले. कोणी टाळी वाजवली नाही. माणसे एकमेकांच्या ओठांकडे पाहू लागली.

पांदोने तिसऱ्या नृत्याचा स्वर धरला. हातांत हात गुंफले गेले, रांग हलली, आणि पहिली ओळ शंभर कंठांतून एकदम उसळली. दुसऱ्या ओळीला निम्मे कंठ उरले. तिसऱ्या ओळीला पोरे ला-ला करू लागली, आणि त्यांच्या आयांनी नजरा खाली वळवल्या. व्हांगेलने तोंड उघडले होते. ते उघडेच राहिले. आत शब्दच नव्हते. उद्या आत्या परतेल, तो स्वतःला बजावत होता; उद्या तिच्याकडून एकेक अक्षर उतरवून घेऊ. पण तिचे वय एक्याऐंशी होते, आणि तो चार तासांचा रस्ता होता.

तुतारी चौथ्या ओळीपाशी एकटी पडली. तेव्हा भिंतीच्या बाजूने एक खरखरीत आवाज उठला आणि त्याने ती ओळ उचलली. मग पुढली, मग दुसरे कडवे, एकही शब्द न अडखळता. रांग थांबली. सवयीने व्हांगेल चिडून त्या दिशेने वळला. ओठांवर बोट ठेवून 'गप्प' म्हणण्यासाठी त्याचा हातही वर गेला.

टोपी काखेत धरून, डोळे मिटून, हवालदार मानूसोस गात होता.