वळणावरचा वर्ग

सहावीच्या पालकांची सभा फोनच्या पडद्यावर सुरू झाली, तेव्हा प्रयागबाई कशेडी घाटातल्या एका वळणावर, रस्त्याच्या कठड्यावर बसली होती. मांडीवर फोन, शेजारी नात तेजश्री. वाडीत रेंज नव्हती. रेंज यायची ती इथेच, कठड्याच्या तीन हात जागेत.

"आवाज बंद ठेव गो," ती तिसऱ्यांदा म्हणाली.

तेजश्रीला हे सांगावे लागत नव्हते. दीड वर्ष ती तेच करत आली होती. वर्गाच्या बाईंनी नाव घेतले की आवाज चालू करायचा, हजेरी द्यायची आणि ट्रक यायच्या आत परत बंद करायचा.

कोरोनात बंद पडलेल्या पोलादपूरच्या त्या खाजगी शाळेला पुन्हा वर्ग भरवायची परवानगी मिळाली होती. पण पालकांची संमती हवी होती. जो हो म्हणेल त्याचे मूल वर्गात, बाकीची फोनवर. तेजश्रीच्या वर्गातल्या यशराजच्या वडिलांचे महाडच्या बाजारपेठेत औषधांचे दुकान. तेच जास्त बोलत होते. घरात वायफाय आहे, पोराला वेगळी खोली आहे, मग धोका कशाला, असे त्यांचे म्हणणे. उद्या काही झाले तर शाळा लिहून देणार आहे का, असेही त्यांनी दोनदा विचारले. एका आईने तक्रार केली, की घरी बसून मुलगा पाढे विसरला.

"पाढे परत पाठ होतील, वहिनी," यशराजचे वडील म्हणाले. "गेलेल्या माणसाचं काय?"



मुख्याध्यापिका निशिगंधा मॅडम एकेक नाव घेऊ लागल्या. तेजश्रीचे नाव आले. तिचा बाप किशोर मुंबईहून बोलत होता. मागे दोरीवर कपडे वाळत होते.

"नको मॅडम," तो म्हणाला. "आमच्या खोलीत आठ जण राहायचो, सहा उरलो. माझी मुलगी घरात बसून शिकते, सेफ आहे. रिस्क नको."

घरात बसून शिकते, हे त्याला प्रयागबाईनेच सांगितले होते. प्रत्येक फोनला सांगितले होते. खरे कळले तर तिकडे त्याची झोप उडेल, एवढाच तिचा हेतू.

"ठीक आहे. तेजश्री घरूनच शिकेल," असे म्हणून मॅडमनी पेन उचलले.

"आवाज चालू कर," प्रयागबाई म्हणाली.

"आजी, ट्रक येतोय."

"येऊ दे."

ट्रक चढावर घरघरत आला आणि वळणावर त्याने हॉर्न दिला. तो अठरा घरांत एकदम वाजला. यशराजच्या वडिलांनी कानातली वायर उपसून काढली. किशोर पुढे वाकला.

"आये? कुठं हायस तू?"

प्रयागबाईने नातीला फोन फिरवून धरायला सांगितले. आधी रस्ता दिसला. मग कठड्यापासून दोन पावलांवरून गेलेल्या चाकांची ओली खूण, पलीकडची दरी, बसायला अंथरलेले गोणपाट आणि घाटाच्या पाटीला सुतळीने बांधलेली छत्री.

"ही तुज्या लेकीची शाळा," ती म्हणाली. "ती लिवते, मी हितं रस्त्याच्या बाजूनं हुबी ऱ्हाते. यंदा दरड आली ती त्या पाटीच्या म्होरं. घरात बसते बोलले ते खोटं बोलले मी. आता नाय बोलनार."

किशोरने दोन्ही तळव्यांनी तोंड पुसले. "रोज?" त्याने विचारले.

"रोज."

"पावसात पन?"

"पावसात रेंज जाते. मग आनि वर चढायचं."

मॅडमचे पेन तसेच हातात होते.

"मॅडम, शाळेची जीप आमच्या फाट्यापर्यंत येईल ना?" किशोरने विचारले.

"येईल. आधीसारखीच."

"मग हो लिहा. सोमवारपासून येईल ती."

प्रयागबाईला एकदम तहान लागली. तिने तोंडावरचा पदर खाली ओढला आणि बाटलीतले पाणी गटागटा पिऊन टाकले. तेजश्री हसू दाबत होती, तिच्याने ते दबत नव्हते.

"तेजू," किशोर म्हणाला, "बूट होतात का गो तुला?"

बूट चौथीतले होते. तेजश्रीने नाही म्हणून मान हलवली. आता नंबर काय, ते तिला माहीत नव्हते. प्रयागबाईने रस्त्याकडेची गवताची वाळकी काडी उपटली, नातीचा पाय चपलेतून काढून कठड्यावर ठेवला, टाचेपासून अंगठ्यापर्यंत काडी लावली आणि मोडली. मुंबईला माप धाडायचे ते वाडीत असेच धाडायचे, जाणाऱ्या माणसाच्या खिशात. तिने ती काडी फोनसमोर उभी धरली.

"एवढा."

"आये, फोनमध्ये काडी बोटाएवढी दिसते," किशोर म्हणाला. कोणीतरी हसले. त्या सभेत पहिल्यांदाच.

"मग आइक. एक वीत आनि दोन बोटं."

"तुजी वीत का माजी?"

"माजी. तुजी कुठं हाय हितं?"

"एवढी झाली ती?" किशोर म्हणाला. त्याने स्वतःचा पंजा पसरला आणि त्याच्याकडे बघत राहिला.

मॅडमनी पुढचे नाव घेतले. यशराजचे. उत्तर आले नाही. त्याच्या वडिलांचे डोके चौकोनातून खाली गेले होते. तिथे नुसती भिंत दिसत होती, आणि खालून त्यांचा आवाज येत होता.

"यशराज, इकडे ये जरा. पाय बघू तुझा."