वडाळे तळ्याच्या काठी

इलाना दोन वर्षांची असतानाच तिची आई इस्रायलमध्ये वारली. चेहरासुद्धा आठवत नव्हता. आई जिथं वाढली ते पनवेल पाहायला इलाना पहिल्यांदाच आली आणि मे महिन्याच्या उन्हात या तळ्यावरून त्या तळ्यावर चालत राहिली. आईच्या घराच्या जागी टॉवर उभा होता. सिनेगॉगमध्येही आईला ओळखणारं कुणी भेटलं नाही. थकून ती वडाळे तळ्याच्या काठानं परत निघाली. तेवढ्यात करवंदं विकायला बसलेली एक म्हातारी उठून उभी राहिली. "सोफे, कवा आलीस गो?" इलाना थबकली. मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "सोफी माझी आई. मी तिच्यासारखी दिसते?" "नजर अधू झाली, तोंड कुठं दिसतंय मला! पन चाल तिचीच हाय. अशीच झुलत यायची."  इलाना पुन्हा काठानं चालू लागली, सावकाश, आईला चालताना डोळे भरून पाहावं तशी.