बाप्तिस्मा नसणाऱ्यांनी बाहेर जावं

"ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही, त्यांनी आता बाहेर जावं," पाळक हर्षल म्हणाला, आणि सगळ्या माना गोजरबाईकडे वळल्या.

म्हातारीने इकडेतिकडे पाहिलं. आपल्यालाच म्हणतात हे उमगलं, तशी ती गुडघ्यावर हात टेकत उठली आणि पदर सारखा करत दाराबाहेर गेली. पहिल्या बाकावरच्या सुचिताबाई मान वळवून दाराकडे पाहत राहिल्या. हर्षल त्यांचा एकुलता एक मुलगा.

धाडच्या या छोट्या चर्चमध्ये गोजरबाई वर्षानुवर्षं येत होती. घरी देव्हारा, रविवारी येशू. बाप्तिस्म्याचं तिने कधी मनावर घेतलं नाही. आधीच्या पाळकांनीही तिला प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस कधी नाकारला नाही. "भोजन प्रभूचं, मी नुसता वाढपी," ते म्हणायचे. हर्षल मात्र पाळक घडवणाऱ्या सेमिनरीतून आला तो सुरुवातीच्या शतकांतल्या ख्रिस्ती मंडळीचे नियम डोक्यात घेऊन. तेव्हा म्हणे बाप्तिस्म्याआधी तीन तीन वर्षं शिकवत, आणि भोजनाच्या वेळी बाकीच्यांना बाहेर काढून दार लावत. आपण प्रोटेस्टंटांनी सगळा सावळागोंधळ करून ठेवलाय, हे तो अगदी तळमळून सांगायचा. मागच्या रविवारी तर तो म्हणाला होता, ज्याला स्वतःला बाप्तिस्मा नाही तो दुसऱ्याला देऊ शकत नाही. बाईने तर देऊच नये. तेव्हापासून सुचिताबाईंना अन्न गोड लागत नव्हतं.

हर्षलने भाकर हातात घेतली. बोललं तर पोराची अब्रू जाणार, नाही बोललं तर त्याला जगात आणणारी बाई बाहेर उभी राहणार. सुचिताबाई उठल्या.

"थांब बापू. तुह्या नियमानं पाह्यलं तं तुलेबी ते भाकर मोडता येत नाई."

"आई, उपासना चालू आहे."

"तू जन्मला तवा निळा पडला होता. रडेच ना. पाळकसाहेब बुलढाण्याले गेलते. सुईण ही गोजरबाईच. म्या म्हटलं, लेकरू बाप्तिस्म्याबगर जाऊ नये. माह्या अंगात त्राण नव्हतं. मी सांगत गेली अन् तिनं तुह्या डोक्यावर पाणी ओतलं. पाळकसाहेब आले तं म्हणले, झाला बाप्तिस्मा, दुसऱ्यांदा कायले? तोच तुहा बाप्तिस्मा. दुसरा झालाच नाई."

हर्षलचा चेहरा पांढराफटक पडला. बाप्तिस्मा नाही तर पाळकपण कुठलं? मागच्या बाकावर राखीने मांडीवरचं बाळ छातीशी धरलं. त्याला बाप्तिस्मा हर्षलनेच दिला होता.

"जुनं राहू दे रे," सुचिताबाई कळवळून म्हणाल्या. "तिले आत बोलाव."

पण पोरगं सरळ होतं. दुसऱ्याला लावलेला नियम स्वतःला लावला नाही तर त्याला झोप आली नसती. त्याने भाकर ताटात ठेवली, अंगावरचा पांढरा झगा उतरवला आणि तो बाहेर गेला.

गोजरबाई पायरीवर बसली होती. आतलं तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिने थोडं सरकून त्याला जागा करून दिली.

"काऊन रे बापू," तिने हळूच विचारलं, "तुलेबी हाकललं का?"