राहिलेला विषय

"रियाज तांबोळी, तुमची सही राहिली," पर्यवेक्षक बाई म्हणाल्या आणि सलीमानं पेपरातून मान वर केली.

दोन बाकं पुढचा माणूस उठला, सही करून परत बसला. उंच, खांद्यात जरा वाकलेला. साखरपुड्याला हाच माणूस तिच्या घरी सोफ्याच्या कडेवर अवघडून बसला होता. पुढच्या महिन्यात त्याच्याशी तिचा निकाह होता. मुलगा इंजिनिअर आहे, असं तिचे अब्बा अख्ख्या खडकीला सांगत होते.

पेपर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या गणिताचा होता. तो द्यायला सलीमासारखी नवी मुलं येत, नाहीतर हा विषय वर्षानुवर्षं राहिलेली जुनी. इंजिनिअर झालेला माणूस इथे कशाला येईल?

तिनं पुन्हा पेपरात डोकं घातलं. अक्षरं हलत होती. बरेच दिवस तिला पुरती झोप नव्हती.

सलीमाचा डिप्लोमा झाला होता. तिला डिग्री हवी होती. हिवाळ्यात तिनं अब्बांकडे एक वर्ष मागितलं होतं. अब्बा, म्हणजे मकबूलभाई, वाईट माणूस नव्हते. पण कारखान्यातून रिटायर झालेले, क्वार्टर सोडायची वेळ आलेली. मुलीची पाठवणी याच दारातून व्हावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. "मुलाकडच्यांना वर्षभर ताटकळत ठेवायचं? लोक काय म्हणतील?" ते म्हणाले, आणि विषय मिटला.

मग तिला उन्हाळी सत्र सापडलं. एका सत्राचं गणित आणि भौतिकशास्त्र काही आठवड्यांत उरकायचं. पास झालं की क्रेडिट पदरात आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. लग्नाआधी निदान नाव तरी लागेल. सकाळी तास, दुपारी प्रयोगशाळा, संध्याकाळी क्वार्टरमधल्या पोरांच्या शिकवण्या, आणि मधल्या वेळात अम्मीबरोबर खरेदी. बांगड्यांचं माप देता देता तिला डुलकी लागली होती. कासार हसला होता, अम्मी नाही.

पेपर संपला. जिन्याच्या वळणावर रियाज उभा होता. त्याच्याही डोळ्यांखाली काळं साचलं होतं.

"कितवी खेप?" तिनं विचारलं.

"मोजणं सोडलं." तो जिन्याच्या कठड्याकडे बघत बोलत होता. "नोकरी खरी आहे. सुपरवायझर आहे. घरच्यांनी इंजिनिअर म्हटलं, मी खोडलं नाही. मग साखरपुडाच झाला."

सलीमानं पेन पिशवीत टाकलं.

"तुम्ही एवढ्या घाईनं का करताय हे सगळं?" त्यानं विचारलं.

"वर्ष मागितलं होतं. मिळालं नाही."

"घरी सांगणार माझं?"

"मला घरी जाऊन झोपायचंय," सलीमा म्हणाली. "तुमचं काय सांगायचं ते तुम्ही बघा."

बसमध्ये तिनं त्याच्यावर चिडायचा प्रयत्न केला. तेवढीही ताकद उरली नव्हती.

रविवारी रियाज एकटाच घरी आला. अम्मीला वाटलं, पत्रिकेचा नमुना दाखवायला आलाय. तिनं सरबत केलं. त्यानं ग्लासाला हात लावला नाही.

"चाचा, मी अजून इंजिनिअर नाही. गणित राहिलंय. आधीच सांगायला हवं होतं."

सलीमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आता अब्बा त्याला दार दाखवणार, याची तिला खात्री होती. मकबूलभाईंनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला.

"एकच विषय?"

"एकच. पण घाईत सुटत नाही, चाचा. नीट शिकवणी लावतो. एक वर्ष द्या. इंजिनिअर झाल्यावरच निकाह करीन. माझ्या घरी मी सांगून आलोय."

"आणि क्वार्टर?" अम्मीनं विचारलं.

"भाड्यानं घर बघू," मकबूलभाई म्हणाले. "लोकांचं काय, ते बोलतच असतात. खरं सांगितलंन पोरानं, हे काय कमी आहे? मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, आबेदा. वर्षभर थांबलंच पाहिजे."

सलीमानं दाराची चौकट धरली. शब्द जवळजवळ तेच होते, तिनं हिवाळ्यात अब्बांपुढे मांडलेले. त्या वेळी त्यांना वजन नव्हतं. रियाजनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती आत गेली आणि भर दुपारी आडवी झाली. दिवेलागणीपर्यंत तिला कोणी उठवलं नाही.

निकाल लागला तेव्हा कॉलेजच्या फलकापाशी फारशी गर्दी नव्हती. सलीमा दोन्ही विषयांत पास होती. तिनं स्वतःचं नाव नीट वाचलं, मग बोट खाली नेत नेत आणखी एक नाव शोधलं. ते सापडल्यावर थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग बाजूच्या कट्ट्यावर बसून तिनं फोन लावला.

"तुम्ही पास झालात," ती म्हणाली.

"माहितीय. पेपर दिला त्या दिवशीच माहीत होतं."

"मग त्या रविवारी..."

पलीकडे यंत्रांचा आवाज येत होता. रियाज जरा बाजूला गेला असावा. आवाज कमी झाला.

"प्रवेश घेऊन टाका," तो म्हणाला. "आणि घरी बोलू नका. तुमचं वर्ष पुरं होईपर्यंत मी नापासच आहे."